जिना

वरच्या मजल्यावर जपानी साहेब आले राहायला,
नव्या रेल्वेपुलाचे, म्हणजे पुलाच्या हिशेबाचे.
सोबत मुलगी, सतरा वर्षांची, कोहारू.
चपला दाराबाहेर अशा ठेवायची
की त्याही वर्गात बसल्यात असं वाटावं.

आधी ऐकू आलं ते गाणं नव्हतं,
कपाटाचं दार होतं.
दुपारी तीनला उघडायचं, आतून बंद व्हायचं,
मग बरणीत तोंड घालून कुणी हाक मारावी
तसा एक आवाज, छतातून.
कारेलीबागेत त्या वेळी भंगारवाला तेवढा ओरडतो,
तोही अर्ध्या झोपेत.

गोधड्या मागायला आली तेव्हा कळलं.
कपाटात टांगून, मध्ये उभी राहून
ती दुसऱ्यांची गाणी म्हणते,
मोबाईलमध्ये भरते, सोडून देते जगात.
किती जणांनी ऐकलं, मी विचारलं.
परीक्षा विभागात तीस वर्षं बेरजा तपासल्या,
खोड जात नाही.
सदतीस, ती म्हणाली, बोटं मोजून.
पुढच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस.
वाढलेले अकरा माझे.

तीन ते चार कुकर लावणं सोडलं मी.
तरी एका गाण्यात आहे माझी एक शिटी,
नेमकी तिचा श्वास संपतो तिथे.
ती म्हणाली, राहू दे.

मग श्रावणात विश्वामित्री आली घरी.
वीज गेली, नेट गेलं, जोशीपुऱ्यांची स्कूटर गेली.
समोरच्या ओट्यावर मगर येऊन बसली,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.
सगळी बिल्डिंग जिन्यावर.
खाखरे फिरले, लीलो चेवडो फिरला,
एकच मेणबत्ती वरखाली फिरली.
जागृतीबेन म्हणाल्या, गा ने दीकरी.

तिनं मोबाईल काढला. पडदा काळा.
शब्द नाहीत, म्हणाली.
तिचे सगळे शब्द वर कुठेतरी होते,
आणि तेही दुसऱ्यांचे.
बराच वेळ पाण्याकडे बघत बसली.
मग पायरीवर हात ठेवून मला विचारलं, हे काय?
जिना, मी म्हटलं.
जिना.
पुन्हा म्हणाली, जरा उचलून.
तिसऱ्यांदा तो शब्द माझा राहिला नाही.
पुढचं सगळं तिच्या भाषेत,
पण अंधारात कठड्याला हात लावावा
तशी दर चार ओळींनी परत यायची त्याच्याकडे.
जोशीपुऱ्यांचं बाळ झोपलं.
मगर कधी गेली, कुणी पाहिलं नाही.

पाणी ओसरलं. भिंतींवर रेघ राहिली, कमरेएवढी.
नेट आलं त्या दुपारी कपाटाचं दार वाजलं,
दिवाळीआधी पुलाचा हिशेब संपला,
आणि ती गेली.

त्या एका गाण्याचे चाळीस हजार झाले.
मग चार लाख. मग आकड्यातले स्वल्पविराम
माझ्या चष्म्याला मोजता येईनात.
आता तिकडच्या कुठल्याशा थंड शहरात
तिच्या तोंडाएवढी भिंत नाही, भिंतीएवढं तोंड आहे,
आणि खाली छत्र्या घेऊन रांग.
केस कापलेत तिनं. वाईट दिसत नाहीत.

भाचा इंदूरला असतो, यशोधन.
रात्री अकराला त्याचा फोन:
मावशी, ती जपानी पोरगी ऐकलीस?
मधेच हिंदीत गाते, जीना, जीना!
जगण्याविषयी आहे गं सगळं, केवढं खोल.

खोल होतंच, मी म्हटलं. चार पायऱ्या.
तो हसला. त्याला वाटलं, मी झोपेत आहे.
चौदा पायऱ्या, यशोधन,
खालच्या चार पाण्यात,
पाचवीवर मी, सहावीवर ती,
ओल्या पायांची.
त्याला हे सांगितलं नाही.
त्याचंही चूक म्हणून गुण कापावेत
असं काही नाही त्यात.

गोधड्या तीन दिल्या होत्या.
परत दोन आल्या.
बेरीज मी पुन्हा तपासली नाही.